पाण्याखालील धोंडे

वाचा : यहोशवा, अध्याय ४

इस्राएल लोक यार्देन उतरून गेले तेव्हां धोंड्यांच्या दोन राशी रचिल्या गेल्या. एक गिलगाल येथे, सर्वांस दिसेल अशी. दुसरी नदीच्या मध्यभागी, कोशवाहक याजकांचे पाय जेथे स्थिर राहिले होते तेथेच. ती पाण्याखाली गेली. पुढे मुले या धोंड्यांचा अर्थ पुसतील, तेव्हां वडिलांनी तो सांगावा, अशी आज्ञा होती.

हवाई बेटांतील पर्ल हार्बर येथेही पाण्याखाली एक स्मारक आहे. ता. ७ डिसेंबर १९४१, रविवारी सकाळी, जपानी विमानांच्या हल्ल्यांत 'ॲरिझोना' या अमेरिकन युद्धनौकेचे दारूकोठार पेटले व तिजवरील १,१७७ माणसे प्राणांस मुकली. त्यांत सख्खे भाऊही होते. नऊशेंहून अधिकांचे देह आजही त्या नौकेतच आहेत. तिजवर, तिला स्पर्श न करितां, १८४ फूट लांबीची शुभ्र वास्तु बांधून १९६२ सालीं अर्पण करण्यांत आली. आंत संगमरवरी भिंतीवर मृतांचीं नांवे कोरलेली आहेत. खालीं नौकेतून तेलाचे थेंब अद्याप वर येतात.

तेथे जाणारे छायाचित्र घेतात. यांत वावगें कांहीं नाहीं. धोंडा उचलणें हेही हातांचेच काम होते. परंतु कॅमेऱ्यास वास्तु दिसते, पाण्यावरचा तवंग दिसतो. मेलेला भाऊ दिसत नाहीं. जो केवळ आपलेच मुख पुढे करितो, तो आपलीच आठवण घरी नेतो. जो अगोदर त्या भिंतीवरचे एक तरी नांव सावकाश वाचितो, त्याला घरी मूल "हें काय?" असे पुसेल तेव्हां उत्तर देतां येईल.

पण कोणतें उत्तर? "आमच्या शत्रूंनी हें केलें" एवढेच सांगितले, तर मुलाच्या हातीं धोंडा मारावयास दिल्यासारखें होईल. त्याच युद्धाच्या शेवटीं, १९४५ च्या आगस्टांत, हिरोशिमा व नागासाकी येथेही असंख्य मुले व माता जळून मेल्या. डिसेंबर २०१६ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा व जपानचे पंतप्रधान आबे यांनी याच स्मारकांत एकत्र उभे राहून पुष्पें वाहिलीं. कालच्या वैऱ्यांनी एकाच पाण्याकडे मान लववून पाहिलें, हेंही मुलांस सांगितलें पाहिजे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या घरच्या भिंतींवरही गतजनांचीं छायाचित्रे आहेत. मुलांनी पुसले असतां आपण काय सांगतों, जुनें भांडण कीं त्यांचे प्रेम? जो मृतांतील एकासही विसरत नाहीं, तो प्रभु आम्हांस खरें सांगणारी व वैर सोडणारी स्मृति देवो.