आधीच मिसळलेलं संगीत

डेव्हिड ग्रिसमन आणि टोनी राइस या अमेरिकन वादकांचा 'टोन पोएम्स' हा अल्बम 1994 साली आला. ग्रिसमनच्या हातात मेंडोलिन, राइसच्या हातात अकूस्टिक गिटार. तिसरं वाद्य नाही, गाणारं कोणी नाही, ठेका धरायलाही कोणी नाही. रचना 17, आणि प्रत्येक रचनेसाठी दोघांनीही वेगळं जुनं वाद्य निवडलेलं. अमेरिकेत ही दोन वाद्यं कशी घडत आणि बदलत गेली ते कानांनी समजावं, असा त्यामागचा बेत. सोबतच्या पुस्तिकेत त्या वाद्यांची छायाचित्रंही आहेत. जुन्या वाद्यांचे शौकीन हा अल्बम जपून ठेवतात ते यासाठी. मला तो मोलाचा वाटतो तो त्यातल्या चालींमुळे.

'वाइल्डवुड फ्लॉवर' आणि 'बँक्स ऑफ द ओहायो' ही अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात घरोघरी गायली गेलेली गाणी. 'आय अ‍ॅम अ पिलग्रिम' हे भक्तिगीत. 'वॉटसन ब्लूज' ही मेंडोलिनवादक बिल मन्रोची रचना. 'ओ सोले मिओ' थेट इटलीतल्या नेपल्सचं. 'स्विंग 42' हे जँगो राइनहार्टचं, म्हणजे बेल्जियममध्ये रोमा कुटुंबात जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये नावारूपाला आलेल्या गिटारवादकाचं. शिवाय ग्रिसमन आणि राइस यांच्या स्वतःच्या रचना. एवढ्या ठिकाणचा ऐवज एकत्र आला की आपण सवयीने त्याला फ्यूजन म्हणतो. पण फ्यूजन म्हणून जे बहुतेक वेळा कानांवर येतं त्यात सांधे ऐकू येतात: आता याची पाळी, मग त्याची, मग दोघांनी मिळून द्रुत लय आणि टाळ्या. इथे तसा सांधा सापडत नाही. नेपल्सच्या चालीकडून डोंगरातल्या चालीकडे गेलं तरी मुलूख बदलल्यासारखं वाटत नाही. याचं कारण शोधू गेलं तर ते या दोन वादकांच्या बरंच मागे सापडतं. त्यांच्या हाती आलेलं संगीत मुळातच मिसळलेलं होतं, आणि त्यांनी ते पुन्हा वेगवेगळं करायचं नाकारलं.

'वाइल्डवुड फ्लॉवर'चंच पाहू. कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाने ते 1928 साली ध्वनिमुद्रित केलं. मेबेल कार्टर अंगठ्याने गिटारच्या जाड तारांवर चाल वाजवते आणि मधल्या जागेत बोटाने बारीक तारा झंकारून ठेका भरते. अमेरिकेत गिटार शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा हा सुरुवातीचा धडा. याहून अस्सल लोकगीत कोणतं, असं कुणालाही वाटेल. पण हे गाणं 1860 साली छापून प्रसिद्ध झालेलं आहे. जोसेफ फिलब्रिक वेब्स्टर नावाच्या संगीतकाराने ते बांधलं, शहरातल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात पियानोवर म्हणण्यासाठी. पुढे ते तोंडातोंडी डोंगरात चढलं. ऐकून ऐकून शब्द बदलले, फुलांच्या नावांचे अर्थ हरवले, संगीतकाराचं नाव गळून पडलं आणि छापील गाणं लोकगीत झालं. कार्टर कुटुंबाच्या इतर काही गाण्यांमागेही असाच एक विस्मरणात गेलेला माणूस आहे. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत गावोगाव फिरायचा तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्याच्यासोबत असायचा. शब्द कार्टर टिपून घ्यायचा आणि चाल रिडल लक्षात ठेवायचा.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवते ती मात्र आर्नल्ड शुल्ट्झची गोष्ट. केंटकी राज्याच्या पश्चिमेला ओहायो काउंटी हा कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे. शुल्ट्झ तिथे 1886 साली जन्मला. कृष्णवर्णीय, खाणीत मजुरी करणारा, गिटार आणि फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) दोन्ही वाजवणारा. काळ्या-गोऱ्यांची आयुष्यं कायद्याने आणि धाकाने वेगळी ठेवली जात होती त्या काळात तो गोऱ्यांच्या नाचाच्या बैठकींतही साथीला बसत असे. याच काउंटीतल्या रोझीन गावी 1911 साली बिल मन्रो जन्मला. घरात तो सगळ्यांत धाकटा. थोरल्या भावांपैकी बर्चने फिडल घेतलं, चार्लीने गिटार, आणि बिलच्या वाट्याला मेंडोलिन आलं. त्याचाही आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी त्याला आठऐवजी चारच तारा लावायला सांगितल्या. आईवडील लवकर गेले. मग हा मुलगा मामाकडे, पेंडल्टन व्हँडिव्हरकडे राहिला. मामा फिडलवादक होता, आणि त्याच्या मागे बसून बिल नाचांना साथ करू लागला. त्याच वयात त्याने शुल्ट्झसोबतही नाच वाजवले. आपल्या संगीतातला ब्लूज शुल्ट्झकडून आला, हे मन्रोने पुढे आयुष्यभर मोकळेपणाने सांगितलं.

याच शुल्ट्झची दुसरी वाट शेजारच्या म्यूलेनबर्ग काउंटीत गेली. अंगठ्याने खर्जाचा ठेका चालू ठेवायचा आणि बोटांनी वर चाल वाजवायची, ही त्याची पद्धत तिथल्या वादकांनी उचलली. त्यांच्याकडून ती मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत पोचली आणि आज जगभर त्याच्याच नावाने ओळखली जाते. 'आय अ‍ॅम अ पिलग्रिम' हे गाणं लोकांपुढे आणलं ते याच ट्रॅव्हिसने, 1947 सालच्या अल्बममधून. म्हणजे 'टोन पोएम्स'मधल्या दोन रचना, एक मन्रोची आणि एक ट्रॅव्हिसने लोकप्रिय केलेली, मागे मागे जात एकाच खाणमजुराच्या दारात पोचतात. शुल्ट्झ 1931 साली वारला. त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही. अमेरिकन संगीतातल्या दोन मोठ्या प्रवाहांच्या उगमाशी बसलेल्या या माणसाचा एक स्वरही आपल्याला ऐकता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणूनच मन्रोने घडवलेल्या ब्लूग्रास या शैलीच्या शुद्धतेची भाषा ऐकली की मी थबकतो. ब्लूग्रास हे नाव मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून पडलं, आणि आज आपण ज्याला त्या शैलीचा आवाज म्हणतो तो 1945 च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज बँजो घेऊन त्या संचात आला तेव्हा जमून आला. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या फिडलच्या चाली, कृष्णवर्णीयांचा ब्लूज, चर्चमधलं सामूहिक गायन, आणि जॅझसारखं एकेकाने पुढे येऊन वाजवणं, एवढं सगळं त्यात आहे. रेडिओहून वयाने लहान असलेल्या या शैलीला काही वर्षांतच राखणदार मिळाले. कष्टाने उभ्या राहिलेल्या गोष्टीला जपावंसं वाटणं समजू शकतं. पण जपताना तिचा जन्म कसा झाला हेच पुसलं गेलं, तर सर्वांत आधी शुल्ट्झ आणि रिडल यांच्यासारख्या माणसांची नावं पुसली जातात. शुद्धतेची किंमत नेहमी अशाच कुणीतरी मोजलेली असते.

वाद्यांची कहाणीही अशीच आहे. मेंडोलिन इटलीहून अमेरिकेत आलं ते गोल, फुगीर पाठीचं. ऑर्व्हिल गिब्सनने ते व्हायोलिनसारखं कोरून, सपाटसर पाठीचं करायला घेतलं. 1902 साली मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथे त्याच्या नावाने कंपनी निघाली. पुढे तिथे लॉइड लोर याने एफ-5 हे मेंडोलिन विकसित केलं. लोरच्या डोळ्यांसमोर मैफलीचं सभागृह होतं, पाश्चात्त्य अभिजात संगीत होतं. पण तोवर मेंडोलिनची हौस ओसरली होती आणि लोक बँजोकडे वळले होते. 1924 च्या अखेरीस लोर कंपनीतून बाहेर पडला. त्याची सही असलेलं, 9 जुलै 1923 ही तारीख असलेलं एक एफ-5 चाळीसच्या दशकात मन्रोला मायामीतल्या एका केशकर्तनालयात विकायला ठेवलेलं दिसलं. ते त्याने 150 डॉलरला घेतलं आणि त्यावर ब्लूग्रास उभं केलं. ज्या संगीतासाठी ते वाद्य घडवलं गेलं, त्या संगीतात त्याचं नाव आज क्वचितच निघतं. गिटारचं पाहावं तर पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथची मार्टिन कंपनी जर्मनीहून आलेल्या कारागिराने काढलेली. तिची मोठ्या पोटाची डी-28 मुख्यतः साथीसाठी वापरली जायची. गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटने आणि त्याच्यानंतर टोनी राइसने ती चालीसाठी पुढे आणली. व्हाइटची 1935 सालची, मधलं भोक कोरून मोठं केलेली डी-28 पुढे राइसकडेच आली.

आता प्रत्यक्ष वाजवण्याकडे येऊ, कारण मिश्रणाचं खरं काम तिथे चालतं. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि त्या व्हायोलिनसारख्याच लावलेल्या असतात. त्यामुळे फिडलवरची कोणतीही चाल मेंडोलिनवर त्याच बोटांनी वाजते. आयर्लंडची चाल केंटकीत आणि केंटकीची कॅलिफोर्नियात जायला वेगळी खटपट लागत नाही. मात्र तार आखूड असल्याने स्वर छेडताक्षणी विरू लागतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पिकने तीच तार भराभर छेडत स्वर लांबवायचा, तो ट्रेमोलो. नेपल्सच्या चाली त्यावरच जगतात. दुसरा उपाय उलटा: स्वर विरतो ना, मग तो आपणच तोडायचा. चारही जोड्यांवर कॉर्ड धरून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर फटकारायची आणि लगेच बोटं सैल करून नाद दाबून टाकायचा. याला चॉप म्हणतात, आणि हा मन्रोच्या वादनाचा कणा आहे. गिटार त्या वेळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जाचा स्वर देत असते. दोघांत मिळून ठेका पुरा होतो, भजनात पखवाजाच्या बोलांमधली जागा टाळ भरून काढतो तसा. म्हणून या जोडीला तालवाद्याची उणीव भासत नाही. मेंडोलिन चालीकडे वळलं की चॉप थांबतो, आणि ती पोकळी राइसला त्याच क्षणी डाव्या-उजव्या हाताने भरून काढावी लागते. राइसची महानता मला त्याच्या वेगवान तुकड्यांपेक्षा या भरून काढण्यात जास्त दिसते. त्याचा खर्ज कधी घाई करत नाही.

कुणी विचारेल, सगळंच मिसळलेलं असेल तर शैली म्हणून काही उरतं का? उरतं, आणि ते उजव्या हातात उरतं. 'स्विंग 42'ला लागणारा हात वेगळा, 'वाइल्डवुड फ्लॉवर'चा वेगळा, आणि ट्रेमोलोचा तर पूर्ण वेगळा. राइस व्हर्जिनियात जन्मला, लहानपण कॅलिफोर्नियात गेलं, ब्लूग्रासमध्ये बँजोवादक जे. डी. क्रोच्या संचात नाव झालं. आणि ऐन भरात, 1975 साली, ते सोडून तो ग्रिसमनकडे गेला. तिथल्या जॅझच्या कॉर्ड त्याला येत नव्हत्या, त्या तो बसून नव्याने शिकला. ग्रिसमनही न्यू जर्सीतून मन्रोच्या वादनाचा बारकाईने अभ्यास करत मोठा झाला. दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी त्या घराची रीत शिकून घेण्याचे हे कष्ट ज्यांनी घेतले, त्यांच्या मिश्रणात सांधा दिसत नाही. वरवरच्या ओळखीवर केलेलं मिश्रण पहिल्या ऐकण्यात चमकतं आणि तिसऱ्या ऐकण्यात उघडं पडतं.

मेंडोलिनच्या विरणाऱ्या स्वराशी आपल्याकडेही दोन मोठ्या माणसांनी झुंज घेतली आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत 'संगदिल' आणि 'रुस्तम सोहराब'चं संगीत देणारे सज्जाद हुसेन हे मेंडोलिनवर रागसंगीत वाजवत. पडदे असलेल्या आणि नाद न टिकणाऱ्या या वाद्यावर मींड घ्यायची, हे आव्हान त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास यांनी वेगळा मार्ग काढला: विजेवर चालणारं मेंडोलिन आणि तारांच्या जोड्यांऐवजी पाच एकेरी तारा. त्यांनी वाद्य रागाकडे वळवलं. ग्रिसमन-राइस वाद्याला त्याच्या मर्यादेसकट घेतात आणि तिच्यातूनच ठेका काढतात. मला दोन्ही वाटा तितक्याच आदराच्या वाटतात. श्रीनिवास यांची वाट रागाला गमक हवंच म्हणून आली. या अल्बमची वाट नाचाच्या बैठकीतून आली, जिथे पाय थांबता कामा नये ही पहिली अट असते.

'टोन पोएम्स'मध्ये उणं काही नाही असं नाही. दर रचनेला वाद्य बदलायचं ठरवल्यामुळे काही ठिकाणी वादक वाद्याची ओळख करून घेत आहेत असं जाणवतं, आणि चाल फुलायच्या आत संपते. केवळ गाणं म्हणून ऐकायचं तर याच वाद्यजोडीचा 1980 सालचा 'स्कॅग्ज अँड राइस' अधिक भरलेला आहे. त्यात रिकी स्कॅग्जचं मेंडोलिन आहे, राइसची गिटार आहे आणि दोघांचे गळे आहेत. तीसच्या दशकात बिल आणि चार्ली मन्रोसारखे भाऊ याच दोन वाद्यांवर गात, त्या परंपरेला ते अभिवादन होतं. 1994 नंतर राइसचा गाण्याचा आवाज गेला, आणि 2020 साली नाताळच्या दिवशी तो वारला.

ग्रिसमनने पुढे आणखी दोन 'टोन पोएम्स' काढले: 1995 साली गिटारवादक मार्टिन टेलरसोबत जॅझचा, आणि 2000 साली बॉब ब्रॉझमन आणि माइक ऑल्ड्रिज यांना घेऊन स्लाइड वाद्यांचा. दोन्ही ऐकावेत असे आहेत, पण मी परत परत पहिल्याकडेच वळतो. दुसऱ्यात मुलूख एकच आहे आणि तिसऱ्यात माणसं तीन आहेत. पहिल्यात दोनच माणसं, आणि एकाने चूक केली तर ती झाकायला तिथे दुसरं काहीच नाही.