विकत घेतलेली वस्तु कोणाची?

दाम मोजून घेतलेली वस्तु सर्वस्वीं आपली. ती ठेवावी, मोडावी कीं टाकून द्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, ही समजूत आपणां सुशिक्षितांत इतकी रुळलेली आहे कीं तीविषयीं शंका घेणेंच कोणास विचित्र वाटावें. परवांपरवांपर्यंत आमचीही समजूत हीच होती. ती डळमळीत झाली एका क्षुल्लक घरगुती प्रसंगानें; आणि तो प्रसंग सांगूनच या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस सोईचें वाटतें.

मुळशी तालुक्यांत पौडच्या पुढें आमचें एक लहानसें घर आहे. आमच्या मातोश्री पुण्याचा गलबला सोडून तेथें राहतात, आणि कॉलेजला सुटी लागली कीं आम्हीही सहकुटुंब तेथें जातों. गेल्या पावसाळ्यांत वीज वारंवार जात-येत होती. अशाच एका रात्रीं तेथील टेलिव्हिजनचें चित्र नाहीसें झालें. आवाज मात्र स्पष्ट येत राहिला. मातोश्रींनीं दोन दिवस काळ्या पडद्यासमोर बसून बातम्या ऐकल्या आणि "रेडिओ झाला म्हणायचा," एवढेंच म्हटलें. आम्हीं सेवाकेंद्रास दूरध्वनि केला. तेथील गृहस्थांनीं संच न पाहतांच सांगितलें कीं पडदा गेला असावा. तो बदलण्यास जवळजवळ नव्या संचाइतका खर्च येईल, तेव्हां नवाच घ्यावा हें उत्तम. संच दहा वर्षांचा जुना होता. हिशेब आम्हांस पटला, आणि खरें सांगावयाचें तर मनांतून बरेंही वाटलें. नवी वस्तु घेण्यास सबब मिळाली म्हणजे कोणास वाईट वाटतें?

परंतु घराची देखभाल करणारे जे सत्तरी ओलांडलेले बाबा आहेत, ते म्हणाले, "टाकता कशाला, सर? पौडातल्या पोराला दाखवा तर खरं." पौडला मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक तरुण आहे. तो संध्याकाळीं आला. त्यानें संच चालू केला, खोलींतला दिवा मालवला आणि हातांतली विजेरी तिरपी धरून पडद्यावर उजेड टाकला. त्या उजेडांत बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा अंधुकसा दिसूं लागला! "चित्र आहे, सर. मागचा उजेड गेलाय," तो म्हणाला.

तेव्हां प्रथमच आम्हांस कळलें कीं या सपाट पडद्यास स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या पाठीमागें बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात, आणि दिवे बहुधा एकामागून एक असे एकाच माळेंत गुंफलेले असतात. त्यांतला एक जळला कीं सगळी माळ विझते. पैशाएवढा एक दिवा गेला होता, आणि आम्ही संबंध यंत्र मृत समजून त्याचें और्ध्वदेहिक करावयास निघालों होतों.

दुसऱ्या दिवशीं तो पट्ट्या घेऊन आला. दिवाणावर गोधडी अंथरून संच पालथा घातला. स्क्रू काढून एका वाटींत ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. मागचें झांकण निघाल्यावर आम्ही उत्साहानें बोट पुढें केलें, तोंच तो ओरडला, "सर, तिथं हात नको!" वीज बंद केली तरी त्या भागांतल्या धारित्रांत सव्वातीनशें व्होल्टपर्यंतचा भार कांहीं काळ शिल्लक असूं शकतो; जुन्या फुगीर काचेच्या संचांत तर तो वीस-पंचवीस हजारांच्या घरांत जाई. घरच्या घरीं दुरुस्तीच्या ज्या गोष्टी आपण कौतुकानें बोलतों, त्यांस ही एक मर्यादा आहे. जें आपल्यास कळत नाहीं तेथें हात न घालणें हाही दुरुस्तीचाच एक भाग होय. मग दोघांनीं चार कोपरे धरून ती पापुद्र्यासारखी काच उचलली, तिच्याखालचे प्रकाश पसरविणारे कागद क्रमानें बाजूस ठेवले, पट्ट्या बदलल्या, आणि दोन तासांनीं चित्र परत आलें. मातोश्रींनीं चष्मा पुसला.

आतां लाज वाटण्याजोगी गोष्ट सांगावयाची. पट्ट्यांचे पैसे सोडून त्यानें मजुरी सहाशें रुपये सांगितली. वर्गांत श्रमप्रतिष्ठेवर तास तास बोलणारे आम्ही सहजपणें म्हणालों, "चारशें घे." त्यानें खांदे उडवून चारशें घेतले आणि तो गेला. बाबा दारांत उभे होते. थोड्या वेळानें ते म्हणाले, "आमच्या आज्याच्या जमिनीचेबी पैसे दिले होते म्हणे, सर, धरणाच्या वेळी. कुणाला दिले, तेवढं विचारू नका."

हें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. मुळशीचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठीं येथील खोऱ्यांतल्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें घेण्यांत आल्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रह सुरू झाला आणि तो १९२४ पर्यंत चालला. सेनापति बापट यांस बांधकामांत मोडतोड केल्याबद्दल तुरुंगवास पत्करावा लागला. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार आपण कमी करतों ती ही, कीं येथील पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकार-जमीनदारांकडे गेलेली होती. त्यांच्यापैकीं बरेचजण नुकसानभरपाई घेण्याकडे झुकले. जमीन कसणारीं कुळें मात्र विरोध करीत राहिलीं. रक्कम मोजली गेली, पावती झाली, कायद्याचें समाधान झालें. ज्यांच्या चुली पाण्याखालीं गेल्या त्यांचें काय झालें हें पावतीवर लिहिलेलें नव्हतें. १९२७ सालीं सह्याद्रीखालीं भिरा येथें वीज निघूं लागली आणि मुंबई तिनें उजळली.

आमच्या घरांतली वीज नेमकी कोठून येते हें आजच्या तारांच्या जाळ्यांत कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि धरणाचा व टेलिव्हिजनचा ओढून ताणून संबंध लावण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तत्त्व दोहोंकडे एकच दिसतें. किंमत देणें निराळें आणि ऋण फिटणें निराळें. किंमत ही ज्याच्याशीं आपण व्यवहार करतों त्यास मिळते. वस्तूपायीं ज्यांचें कांहीं खर्चीं पडलें ते सगळे त्या व्यवहारांत नसतात. टेलिव्हिजनमध्यें तांबें आहे, ॲल्युमिनियम आहे, पडद्याच्या काचेवर इंडियम या दुर्मिळ धातूचा पातळ लेप आहे. कोणाची तरी जमीन खणली गेली, कोणाचें तरी पाणी गढूळ झालें, कोणाचे तरी डोळे सांधे जोडतांना शिणले. आपण दुकानदाराच्या हातीं ठेवलेल्या पैशांत या सर्वांचा वांटा पोंचलाच असेल अशी खात्री कोण देईल? जी वस्तु अशा अनेकांच्या ऋणांतून आपल्याकडे आली, ती वापरण्याचा हक्क आपण विकत घेतला असेल. वाया घालविण्याचा हक्क कोणीं विकला?

हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानें १९२७ सालीं असें दाखवून दिलें कीं चालतें हत्यार आपल्यास दिसतच नाहीं. तें मोडलें म्हणजेच तें वस्तु म्हणून आपल्यापुढें उभें राहतें. आम्ही यांत एवढीच भर घालूं, कीं मोडलेल्या वस्तूमागें तिच्यासाठीं राबलेलीं माणसेंही दिसूं लागतात. मात्र त्यासाठीं ती उघडावी लागते. नवी आणली कीं तें दार पुनः बंद होतें.

यावर आक्षेप येतील. वेळेचें मोल कोण देतो? सर्वच दुरुस्ती करूं लागले तर कारखान्यांतल्या मजुरांनीं काय खावें? नवीं यंत्रें वीज कमी खातात, मग जुनें जपण्यांत शहाणपण कोणतें? हे आक्षेप पोकळ नाहींत. परंतु पौडचा तरुण हाही मजूरच आहे. आपण टाकून दिलेल्या प्रत्येक संचाबरोबर त्याचा घास जातो. आणि जुनी वस्तु टाकणें खरोखर हितावह असेल तर खुशाल टाकावी; पण आधीं ती उघडून पाहावी, हिशेब करावा, आणि मगच तिला निरोप द्यावा. आमची चूक नवा संच घेण्याच्या इच्छेंत नव्हती. न पाहतां दिलेल्या निकालावर समाधान मानण्यांत होती.

राज्यकर्त्यांसही याची जाणीव होऊं लागली आहे. जुलै २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीं टाकाऊ यंत्रांचा भार उत्पादकांवर घातला. हें योग्यच झालें. परंतु हक्क मिळाला म्हणून कोणी आपोआप कर्तव्य करूं लागतो असें नाहीं. बेअर्ड यानें टेलिव्हिजनचा पहिला प्रयोग टोपीचा जुना डबा, रफू करण्याच्या सुया, सायकलच्या दिव्याचीं भिंगें आणि चहाचें खोकें असल्या सामानांतून उभा केला होता, आणि १९२६ सालीं तें चित्र लंडनमध्यें लोकांपुढें ठेवलें. जें यंत्र अडगळींतून जन्मलें, तेंच आज एका दिव्यासाठीं अडगळींत जातें, हा दोष यंत्राचा खचित नव्हे.

एक संच दुरुस्त करून मुळशीचें ऋण फिटलें असें म्हणणें हा निव्वळ दंभ होईल. कांहीं ऋणें फिटत नाहींत. तीं आठवणींत ठेवावयाचीं असतात. पण कांहीं फेडण्याजोगीं असतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पौडला गेलों आणि त्या तरुणाच्या हातांत राहिलेले दोनशें रुपये ठेवले. त्यानें ते मोजलेही नाहींत. एका पंपाचें झांकण उघडून तो त्यांत डोकें घालून बसला होता. "सर, जरा तेवढी विजेरी धरा," असें तो म्हणाला, आणि आम्हीं ती धरली.