रॉकला मराठीचं वावडं नव्हतं

मराठीत रॉक का रुजला नाही, असं विचारलं की एक ठरीव उत्तर मिळतं: आपला कान भावगीताचा, आपल्याला गोंगाट मानवत नाही. निदान नाशिककराने तरी हे उत्तर देऊ नये. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाचं पथक मेन रोडला लागलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ठोका थेट छातीत बसतो, आणि लोक त्यासाठीच तिथे उभे असतात. केरळच्या उत्सवांतही ‘नाशिक ढोल’ आपल्याच गावाच्या नावाने वाजतो. तेव्हा अडचण कानाची नव्हती. अडचण होती ती जागेची. रॉक गायक नंदू भेंडे यांची वाटचाल पाहिली की हे पटतं.

भेंड्यांचं घरच जगावेगळं. वडील आत्माराम भेंडे म्हणजे मराठी फार्सचे बादशहा. आई डॉ. आशा भेंडे लोकसंख्येच्या अभ्यासक आणि रंगभूमीवरच्या अभिनेत्री; माहेरच्या लिली इझिकेल, इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सिम इझिकेल यांच्या भगिनी. या घरातला मुलगा मुंबईत ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडमधून गाऊ लागला. 1974 मध्ये अ‍ॅलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा मुंबईत उभा केला, त्यात नंदू ज्यूडास झाले. त्या ऑपेरातलं फार अवघड गाणं या पात्राच्या वाट्याला येतं: संशय, संताप आणि पश्चात्ताप, तोही तारसप्तकात, गळा फाटेल अशा आवाजात.

मात्र मराठीच्या दृष्टीने मोलाचा प्रयोग चार वर्षांनी झाला. ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी पुण्याच्या थिएटर अकॅडमीतर्फे ते 1978 मध्ये रंगमंचावर आणलं, आणि त्यातला गुंडांचा म्होरक्या अंकुश नंदू भेंड्यांनी उभा केला. या नाटकात नाट्यपद, लोकगीत आणि पाश्चात्त्य पॉप एकाच पंगतीला बसले. ज्या प्रेक्षकाला रॉकच्या कार्यक्रमाचं तिकीट काढावंसं कधी वाटलं नसतं, तोच हे गाणं नाटक म्हणून रात्रभर ऐकत होता.

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. रॉकचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो आणि इंग्रजी शब्दांतला आघात त्या चौकटीत सहज बसतो. मराठीत तसा ठसठशीत आघात नाही; शिवाय प्रत्यय लागून शब्द लांबत जातात. त्यामुळे इंग्रजी चालीवर मराठी शब्द नुसते चिकटवले की गाणं लंगडतं. पण शाहिरांनी डफावर तोडून तोडून शब्द फेकण्याची युक्ती कधीच शोधून ठेवली होती. पोवाड्याची ती फेक आणि रॉकचा ठोका एकत्र येणं अवघड नव्हतं. त्यासाठी हवी होती सलग तालीम, आणि ती करून घेणारी संस्था.

अशा तालमीला पाठबळ कसं लागतं ते पाहायला परदेशातला एक ‘विक्षिप्त’ संगीतकार आठवून पाहा. कॅप्टन बीफहार्टने वादकांना कित्येक महिने एका घरात डांबल्यागत तालीम करायला लावून 1969 मध्ये ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ काढला. 28 तुकड्यांचा हा अल्बम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला प्रत्येक वादक वेगळंच गाणं वाजवतोय असं वाटतं. या वेडामागे रेकॉर्ड कंपनी होती संगीतकार फ्रँक झॅप्पाची, आणि निर्माताही तोच. विक्षिप्तपणा एकट्याचा असतो, पण तो कलेपर्यंत पोचवायला पाठीशी कुणीतरी लागतं. भेंड्यांच्या पाठीशी काही काळ प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली. तिच्याबाहेर होता तो हिंदी सिनेमा. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये त्यांना कृष्णाला साद घालणारं गाणं मिळालं. त्या गाण्याचं मूळ टिलमन ब्रदर्स या बँडच्या येशूवरच्या गाण्यात दाखवतात! ज्यूडास गाजवलेल्या गायकाच्या वाट्याला उसनी चाल यावी, हा केवळ योगायोग नाही. बाजाराला त्यांचा आवाज हवा होता, प्रयोग नको होता.

नंदू भेंडे एप्रिल 2014 मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात आनंद मोडकही गेले. बँकेची नोकरी सांभाळून प्रायोगिक नाटकांना संगीत देणारे मोडक त्याच थिएटर अकॅडमीच्या पिढीचे. दोघांच्या जाण्याची हळहळ झाली. त्यांनी अर्धवट सोडलेलं काम कुणी हाती घेतलं नाही.

ते काम नाशिकला जमण्यासारखं आहे. 2008 पासून इथल्या द्राक्षमळ्यांत ‘सुला फेस्ट’ हा संगीत महोत्सव भरत आला. म्हणजे गिटारला श्रोता आहे. ढोलपथकांत ताल पक्का असलेली शेकडो मुलं-मुली आहेत. कालिदास कलामंदिरासारखं नाट्यगृह आहे. नाट्यसंस्थांनी हमखास चालणाऱ्या विनोदी नाटकांतून वर्षाचे चार दिवस काढावेत, एका बँडला आणि एका ढोलपथकाला एकत्र तालमीला बसवावं आणि मराठी रॉक नाटक करावं. पहिलं फसेल, कदाचित दुसरंही. तिसऱ्यासाठी सभागृहाची तारीख आधीच राखून ठेवावी.