धिंगरीचे गोत्र

भोर तालुक्यातल्या एका वाडीत दोन जावा धिंगरी अळंबीचा धंदा करत. थोरली चौथीपर्यंत शिकलेली, धाकटी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. जुन्या गोठ्याची शेड केलेली, दोरीला टांगलेले प्लास्टिकचे बेड आणि बाहेरून विकत आणलेला स्पॉन (अळंबीचे बियाणे), एवढाच पसारा. भाताचा पेंढा रात्रभर भिजवायचा, 80 अंशांच्या गरम पाण्यातून काढायचा, निथळला की थरावर थर देत त्यात स्पॉन भरायचा. पंधरा-वीस दिवसांत पेंढा पांढऱ्या धाग्यांनी भरून जाई आणि पिशवीच्या भोकांतून अळंबी डोकावू लागे.

अडचण एकच होती. दर खेपेला माल वेगळा. कधी देठच बोटभर लांब, कधी छत्री इतकी पातळ की पुण्याला पोचेपर्यंत कडा फाटलेल्या. हॉटेलवाला म्हणे, "मागच्या वेळचा माल द्या, तसाच द्या, दर मी बघतो."

त्या पावसाळ्यात बांधावर आडव्या पडलेल्या उंबराच्या खोडावर धिंगरीचा घोस फुटला. जाड छत्री, आखूड देठ, मुठीत मावणार नाही एवढा. थोरली लग्न होऊन आल्यापासून ती अळंबी खात होती. तरी धाकटीने ती कृषी महाविद्यालयात नेऊन ओळख पटवून आणली, मगच हात घातला. रात्री दारेखिडक्या बंद करून तिने अळंबी उभी फाडली. आतल्या, हवा न लागलेल्या गरातून तांदळाएवढा तुकडा चिमट्याने उचलला आणि ज्योतीशेजारीच बाटलीत सोडला. बाटलीत बटाट्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास घालून केलेली जेली होती, घरच्या कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक केलेली. आठवड्यात पांढरे धागे पसरले. ते तिने उकडलेल्या ज्वारीवर चढवले आणि घरचा स्पॉन तयार झाला.

पुढच्या तोड्याला शेडमधला प्रत्येक बेड छापल्यासारखा एक. हॉटेलवाला खूश, धाकटी त्याहून खूश.

"अक्का, झालं आपलं वाण तयार!"

"आपण कुठं केलं?" थोरली म्हणाली. "उंबरावर आयतं होतं, आपण उतरवून घेतलं."

थोरलीच्या डोक्यात वेगळेच चालले होते. ओढ्याकाठी आंब्याच्या बुंध्यावर एक लहानशी करडी धिंगरी येई. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण वळवाची एक सर पडली की ऐन वैशाखात ती उगवे, शेडमधले बेड उन्हाने मान टाकत असताना. "हिचा काटकपणा त्या जाडीला आणता येईल का गं?" तिने विचारले. महाविद्यालयात दाखवून धाकटीने खात्री केली की दोन्ही एकाच जातीच्या. मग तिने दोन्हींच्या छत्र्या काळ्या कागदावर पालथ्या घालून वाटीखाली झाकून ठेवल्या. सकाळी वाटी उचलली तर कागदावर छत्रीखालच्या पापुद्र्यांच्या रेघा पांढऱ्या पुडीत जशाच्या तशा उमटलेल्या.

"ही पूड म्हणजे बीजाणू. मी फाडून घेतला तो आईचाच तुकडा, त्यातून आईच उगवते. ही मात्र लेकरं. एकाचं दुसऱ्यासारखं नाही."

"मग एकेक बी पेरू."

"नुसत्या एकानं भागत नाही. एकट्या बीजाणूचे धागे वाढतात, पण त्यांना अळंबी येत नाही. दुसऱ्या जुळणाऱ्या धाग्याशी गाठ पडावी लागते. आणि एकाच अळंबीची भावंडं एकमेकांशी लावली तर चारांत एखादीच जोडी जुळते. लांबच्या दोन अळंब्यांची लेकरं मात्र बहुधा जुळतातच."

थोरली हसली. "म्हणजे हीसुद्धा गोत्र बघते की!"

काम किचकट होते. बीजाणू निर्जंतुक पाण्यात कालवून ते पाणी इतके पातळ करायचे की जेलीवर एकेक ठिपका सुटा उगवावा. प्रत्येक ठिपका वेगळ्या बाटलीत घ्यायचा. मग उंबराचा एक आणि ओढ्याचा एक असे समोरासमोर ठेवायचे. जुळलेल्या जोडीचा स्पॉन करायचा आणि छोटा बेड भरून वाट बघायची.

पहिल्या पिढीने निराशा केली. एक नुसतीच देठाळ, एक काळपट, एक भरपूर आली पण दोन दिवसांत सुकली. एका बेडला तर टाचणीएवढा कोंबसुद्धा दिसला नाही. थोरलीने शाळेच्या वहीत रकाने आखले होते: पहिला तोडा कितव्या दिवशी, देठ किती, छत्रीची जाडी, कडा फाटते का, दुसऱ्या दिवशी ताजी राहते का. बेडावर चिठ्ठी, चिठ्ठीचा नंबर वहीत. नापास झालेली घरच्या भाजीला जाई.

धाकटी वैतागली. "चांगलं एकसारखं पीक हाताशी असताना हा खटाटोप कशाला, अक्का?"

"एकसारख्यातून निवडू काय?"

वहीतून दोन जोड्या निवडल्या: एक जाडीला उजवी, दुसरी उन्हाला टिकलेली. पुन्हा काळा कागद, पुन्हा बाटल्या, पुन्हा जोड्या. तिसऱ्या पिढीला वहीतले आकडे एकमेकांजवळ येऊ लागले. देठाच्या रकान्यात पूर्वी बोट आणि वीत शेजारीशेजारी असत. आता सगळे दोन बोटांच्या आत बसले.

इकडे उंबराचे वाण थकत चालले होते. धाकटी दर हंगामाला आधीच्या बाटलीतून नवी बाटली भरी, त्या बाटलीतून पुढची. अशा बदल्या होता होता धागे कापसासारखे फुगीर आणि मंद झाले. कुठल्याही वाणाचे असे होऊ शकते. त्यात उन्हाळा कडक आला आणि एप्रिलमध्ये सगळे बेड एकाच आठवड्यात अडले. सगळ्यांचा गुण एक होता, तसाच दोषही एक.

नवे बी मागायला धाकटी महाविद्यालयात गेली. तिथल्या बाईंनी तिला बटण अळंबीची हकीगत सांगितली. बटण पूर्वी तपकिरी असे. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तपकिरी वाफ्यात पांढरी अळंबी सापडली, ती लोकांना आवडली आणि पांढऱ्याचीच लागवड पसरली. पुढे नेदरलँड्समधल्या हॉर्स्ट गावी गेर्डा फ्रिट्शे यांनी एक पांढरे आणि एक मळकट पांढरे अशा दोन वाणांचा संकर केला. 1980च्या सुमारास तो यू-1 नावाने बाजारात आला आणि इतका सरस ठरला की इतरांनी त्याच्याच नकला काढल्या. आज जगात पिकणारे पांढरे बटण बहुतांशी यू-1 किंवा त्याचे जवळचे भाऊबंद आहे. आता संशोधक रानातले बटण शोधत फिरतात. अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटात त्यांना असा एक प्रकार सापडला, जो नेहमीच्या बटणाला सोसणार नाही अशा उबेतही येतो.

"म्हणजे ते यू-1सुद्धा दोन वेगळ्यांच्या जोडीतूनच निपजलं," घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "आणि मग सगळे नक्कल करत बसले."

थोरलीने तिला शेडच्या कोपऱ्यात नेले. तिसऱ्या पिढीचा एक बेड त्या उन्हातही भरला होता. छत्री उंबराची, काटकपणा ओढ्याचा. धाकटीने ती अळंबी उभी फाडली, आतला गर उचलला आणि बाटलीत सोडला. या खेपेला तिने बाटलीतून बाटलीत नेण्याची साखळी तोडली. मूळ धाग्यांचे तुकडे निर्जंतुक पाण्याच्या लहान कुप्यांत जपून ठेवले आणि दर हंगामाचा स्पॉन त्यांतूनच सुरू केला. हॉटेलवाल्याला पुन्हा एकसारखा माल मिळू लागला.

थोरलीने मात्र आणखी कुप्या मागून घेतल्या. उंबराची, ओढ्याची, नापास झालेल्यांतल्याही काही.

"ही पातळ कशाला ठेवता?"

"ही आठवडाभर आधी येते. पुढं कधी लवकर येणारी लागली तर कुणाच्या दारात जायचं?"

धाकटीने कुपीवर चिठ्ठी चिकटवली.

तात्पर्य: नकलेने गुण टिकतो, नवा गुण हवा तर दोन वेगळ्यांची गाठ घालून, नापास पिकांची भाजी खात पिढ्यानुपिढ्या निवड करावी लागते. आणि निवड त्यालाच करता येते, ज्याने आज बिनकामाचे वाटणारे बीही फेकून दिलेले नसते.