सोनोग्राफीला जामीन

विठ्ठलवाडीत राहणाऱ्या माणसाला फुप्फुस कुठे असते हे शिकवावे लागत नाही. धावत लोकल पकडली, की ते आपण होऊन ओळख करून देते.

पण त्याच्या आत काय चालले आहे, हे बाहेरून कळायचे कसे? बाजारात आपण कलिंगडाला टिचकी मारून पाहतो. व्हिएन्नाच्या औएनब्रुगर या डॉक्टरने रोग्याच्या छातीवर तशीच बोटे मारून पाहिली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. छाती ठोकून निदान सांगणारा हा आद्य डॉक्टर. छाती तेवढी रोग्याची!

सोनोग्राफी ही त्या टिचकीचीच नात म्हणायची. हवेपुढे मात्र तिचे काही चालत नाही, आणि फुप्फुस म्हणजे तर हवेची वखार. त्यामुळे निरोगी फुप्फुस पडद्यावर दिसतच नाही. दिसतात त्या आवरणाच्या पडछाया, आडव्या रेघा. आत पाणी साचले, की उभ्या रेघा उतरू लागतात. लिश्टेनस्टाइन या फ्रेंच डॉक्टरांनी २००८ साली धाप लागलेल्या २६० रोग्यांचा अभ्यास मांडला. अशा खुणांवरून ९०.५ टक्के निदाने बरोबर आली होती. तीही खाटेशेजारी, काही मिनिटांत.

हे ऐकून आमच्या शेजारचे अण्णा धापा टाकत डॉक्टरांना म्हणाले, “मग आणा की ते यंत्र घरी!”

“नाही आणता येत, अण्णा. नोंदणीच्या जागेबाहेर ते असं फिरवायला कायद्याची मनाई आहे. गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून.”

“अहो, मी बहात्तर वर्षांचा! मला मुलगा होणार की मुलगी, हे कोणाला बघायचंय?”

अण्णांना रिक्षात घालून न्यावे लागले. प्रश्न मात्र मागे उरला. गुन्हा एकाचा, जाच दुसऱ्याला, हा न्याय कुठला?

असा कायदा देशात पहिल्यांदा केला तो महाराष्ट्रानेच, १९८८ साली. देशाचा आला १९९४ मध्ये. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८९४. २००१ साली त्या ९१३ होत्या. म्हणजे कुलूप लावूनही चोरी चालूच! मग कुलूप काढावे का? मला तसे वाटत नाही. अण्णांना धाप लागली तरी तक्रार करता येते, वर विनोदही करता येतो. पोटातल्या मुलीला यातले काहीच जमत नाही. फुप्फुसासाठी वेगळी किल्ली जरूर करावी. पण कुलूप असू द्यावे.

सोनोग्राफीच्या प्रत्येक केंद्रात पाटी असते : ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ निरोगी समाजात ती दिसलीच नसती. आपल्या पडद्यावरची ती उभी रेघ आहे.