जवालची वेळ आणि ग्रहांची चाल



मशिदीच्या भिंतीवरील नमाजच्या वेळांचा तक्ता आपण रोज पाहता. पण त्यातील जवालचा रकाना कधी सावकाश वाचला आहे काय? सोलापुरात सूर्य मध्यान्ह ओलांडतो तो फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १२ वाजून ४० मिनिटांनी, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ वाजून १० मिनिटांनी. जुहरची जमाअत ठरल्या वेळेस उभी राहते, म्हणून हा अर्ध्या तासाचा फरक कुणाच्या ध्यानी येत नाही. इमामतीच्या पहिल्या वर्षी मला ती छपाईची चूक वाटली होती. एका वृद्ध नमाजीने अंगणात काठी रोवली, सावली दाखविली आणि माझी चूक माझ्या पदरात घातली.

पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवती पुढेही सरकत असते. म्हणून सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यासाठी तिला पूर्ण फेरीहून किंचित अधिक वळावे लागते, आणि हे ‘किंचित’ रोज सारखे नसते. केपलरने १६०९ साली मांडले की, ग्रहाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, सूर्य तिच्या मध्यावर नव्हे तर एका नाभीशी आहे, आणि सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिते. अर्थात, ग्रह सूर्याजवळ असता वेगाने जातो, दूर असता संथ. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटरवर असते, जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लक्ष. (आपल्या मे महिन्यातील उन्हाचा या अंतराशी संबंध नाही, तो पृथ्वीच्या कललेल्या आसाचा प्रताप.) चालीतील हा फरक आणि आसाचा तो कल, दोन्ही मिळून रोजचे काही सेकंद साठतात आणि त्यांचा अर्धा तास होतो. १६१९ मध्ये केपलरने तिसरा नियम दिला: प्रदक्षिणाकाळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरू आपल्याहून ५.२ पट दूर आहे, म्हणून त्याचे एक वर्ष आपल्या जवळजवळ बारा वर्षांचे.

काही वक्ते सांगतात की, हे नियम कुरआनात आधीच लिहिलेले आहेत. मला हे पटत नाही. सूरह यासीनच्या चाळिसाव्या आयतीत सूर्य-चंद्र आपापल्या मार्गाने चालल्याचे सांगताना पोहण्याच्या अर्थाचे क्रियापद येते. त्यातून वर्ग आणि घन काढणे म्हणजे ग्रंथाच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजच्या वेळा ठरविणारे इब्न अश-शातिर (मृत्यू १३७५) हीच आयत पढत असत. तरी त्यांच्या गणितात पृथ्वी मध्यभागी होती आणि कक्षा वर्तुळांनीच रचलेल्या होत्या. त्याने त्यांच्या ईमानात उणे आले नाही. आयत पाहावयास सांगते, मोजण्याचे कष्ट मात्र आपल्यावर सोपविते.

मदिनेत प्रेषित (स.) यांचे तान्हे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. या मृत्यूनेच सूर्य काळवंडला, असे लोक बोलू लागले. शोकाकुल पित्याने नुसते मौन धरले असते, तरी ती समजूत पक्की झाली असती. परंतु आपण (स.) यांनी स्पष्ट सांगितले की, सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्मासाठी वा मृत्यूसाठी त्यांना ग्रहण लागत नाही. लोकांना त्यांनी नमाज व दुआ यांचा मार्ग दाखविला.

आपल्याच जिल्ह्यातील जेऊर येथे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आधीच तेथे दुर्बिणी मांडून बसले होते, कारण वेळ ठाऊक होती. वेळ ठाऊक असूनही आजही आपल्या कित्येक घरांत ग्रहणात गर्भवतीच्या हातून विळी काढून घेतात, तिला खोलीत बसवितात, आणि ग्रहणाची नमाज मात्र कुणाला आठवत नाही!

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर सोलापुरातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. मशिदीच्या फळ्यावर वेळ लिहिली जाईल. त्या दिवशी घरातील लेकीसुनेला कोंडून ठेवू नका. तिच्यासाठी मुसल्ला अंथरा.