‘नाही’ म्हणण्याची फी

खिशात पैसे नसताना ‘नाही’ म्हणायला काही अक्कल लागत नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर ते मी लीलया करतो. खरी कसोटी खिशात पैसे असताना. समोर आतेभाऊ बसलेला आहे, त्याचा चहा केव्हाच संपलाय, तरी तो कप खाली ठेवत नाही, आणि पुढचं वाक्य काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी ‘नाहीत रे’ म्हणणं हे खोटं बोलणं, की व्यवहार? आमच्या बी. कॉम.ला हा प्रश्न कधी आला नाही. जमाखर्चात जमेची बाजू असते, नावेची बाजू असते. तोंड लपवायची बाजू नसते.

या प्रश्नाचं उत्तर मला जिथं भेटलं, तिथं मी केवळ फुकट राहायला मिळतंय म्हणून गेलो होतो. माझी ताई आणि भाऊजी घानात, आक्रा शहरात असतात. घर मदिना नावाच्या उपनगरात. अरबस्तानातल्या मदिनेवरून पडलेलं हे नाव. विद्यापीठाच्या पलीकडे, शहराच्या उत्तरेला, १९५९ च्या सुमारास ही वस्ती उभी राहिली. आज तिथं गा, एवे, ट्वी, हौसा अशा चार भाषा एकाच चौकात, एकाच वेळी आणि सगळ्या वरच्या पट्टीत ऐकू येतात. मी डोंबिवलीचा माणूस. मला घरच्यासारखं वाटलं.

तिथल्या प्रवासी व्हॅनला ‘ट्रोट्रो’ म्हणतात आणि कंडक्टरला ‘मेट’. मागच्या बाकावरून दिलेली नोट चार अनोळखी हातांतून मेटपर्यंत जाते आणि सुटे पैसे त्याच हातांतून परत येतात. पहिल्या दिवशी मी माझ्या नोटेकडे, मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापासारखा बघत होतो. सुटे परत आले. पूर्ण आले. त्या आनंदात मी दुसऱ्या कुणाचे तरी सुटे डाव्या हातानं पुढं केले, तर शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी आजीच आठवली. डाव्या हातानं देऊ नये, हे आजीनं मला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. मुंबईपासून आठ हजार किलोमीटरवर तीच नजर!

पण या मदिनेत एक मोठी अडचण आहे. तिथं कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. कुणी रस्त्याकडेला मक्याच्या अंबवलेल्या पिठाचा केंकी मासळीबरोबर खात बसलेला असो, तुम्ही नुसते जवळून गेलात तरी तो म्हणणार, “या, तुम्हाला आमंत्रण आहे.” आपलं ‘या जेवायला’ तेच, फक्त तिथं ते अजून खिडकी लावून घेत नाही. कुणाचं मयत झालं, की शनिवारी काळे-तांबडे कपडे घालून सगळे जमणार, आणि कुणी किती पैसे दिले हे माईकवरून पुकारलं जाणार. मामेबहिणीच्या दिराच्या मुलाची शाळेची फी असो, की शेजाऱ्याचं उडालेलं छप्पर, ज्याच्या हातात पैसा दिसला त्याच्याकडे हात पसरायचा हा रिवाज आहे, आणि देणाऱ्यानं द्यायचं हा धर्म आहे.

मग अशा ठिकाणी माणूस चार पैसे साठवणार कसे?

ताई ज्या बाईकडून टोमॅटो घेते, तिला सगळा बाजार ‘आंटी’ म्हणतो. मी तिथं उभा असताना एक माणूस वही घेऊन आला. आंटीनं पदराच्या गाठीतून काढावी तशी कमरेच्या कापडातून एक नोट काढून दिली. त्यानं तिच्या कार्डावर एका चौकोनात खूण केली आणि तो पुढच्या दुकानाकडे गेला. हा ‘सुसू’वाला. म्हणजे आपल्याकडचा पिग्मी एजंटच की! १९२८ साली उडुपीकडच्या एका बँकेनं पिग्मी सुरू केली, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं आहे. माझी छाती उगीचच फुगली.

फरक एवढाच, की आमची पिग्मी व्याज देते आणि सुसूवाला व्याज घेतो. एकतीस दिवस रोज ठरलेली रक्कम द्यायची. महिनाअखेर तो तीस दिवसांची परत करतो, एका दिवसाची आपली म्हणून ठेवतो. चलनाचं नाव सेडी. आकान भाषेतल्या कवडीच्या शब्दावरून आलेलं. तेव्हा आंटी अक्षरशः कवडी कवडी जमवत होती, आणि वर त्याची फी देत होती. माझ्यातला बँकवाला कळवळला. ताईला मध्ये घालून मी विचारलं, “हा उद्या पळून गेला तर?”

“पळतात कधीकधी,” आंटी म्हणाली. “आणि बँका?”

मी गप्प बसलो. ऑगस्ट २०१७ ते जानेवारी २०१९ या दीड वर्षात घानाच्या मध्यवर्ती बँकेनं नऊ बँकांचे परवाने रद्द केले होते.

तेवढ्यात एक तरुण आला. तिचा पुतण्या असावा. थोडं इकडचं तिकडचं झालं, मग आवाज उतरला. आंटीनं शांतपणे सांगितलं, “सुसूत आहेत. महिनाअखेरीला ये.” तो चिडला नाही, कुरकुरला नाही. दोन टोमॅटो उचलून हसत गेला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई पैसे सांभाळण्याची फी देतच नव्हती. ती ‘नाही’ म्हणण्याची फी देत होती. “माझ्याजवळ नाहीत,” हे तिला खरं करून घ्यायचं होतं, आणि त्या खऱ्याची किंमत महिन्यातला एक दिवस होती.

“आणि महिनाअखेरीला तो आला तर?” मी विचारलं.

आंटीनं माझ्याकडे, डाव्या हातानं सुटे देणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. “येणारच. अर्ध्याचा माल भरीन, थोडे घरात, थोडे त्याला. माझं छप्पर गेलं तेव्हा त्याच्या बापानंच दिले होते.”

मी टोमॅटोची पिशवी घेऊन घरी आलो, पण त्या रात्री झोप काही लागेना.

कारण गेल्या जूनमध्ये आतेभावानं तो कप शेवटी खाली ठेवला होता. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं, चाळीस हजार कमी पडत होते. मी म्हणालो होतो, “सगळे मुदत ठेवीत अडकलेत रे.” शब्द न् शब्द खरा! पावती कपाटात होती. पण मुदत ठेव मोडता येते, एक टक्का व्याज कमी मिळतं, बास. असे मुदतपूर्व मोडण्याचे अर्ज मी रोज तीन-चार तरी हातावेगळे करतो. ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आंटीच्या ‘नाही’ला तारीख होती. माझ्या पावतीवर ‘आपोआप नूतनीकरण’ असा शिक्का होता.

परत आल्यावर मी स्वतःच्या काउंटरवर स्वतःच अर्ज भरला. साहेबांनी विचारलं, “काय हो, अडचण आहे का काही?” म्हटलं, “थोडी जुनी आहे.” चाळीस हजार पाकिटात घालून आतेभावाकडे गेलो.

“अरे, ते झालं तेव्हाच,” तो म्हणाला. “हिच्या पाटल्या ठेवल्या गहाण. पोरगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तू कशाला मोडलीस ठेव? तुझं व्याज गेलं ना!”

पाकीट त्यानं घेतलं नाही. वहिनीनं चहा आणला. कप उचलताना तिच्या हातात काचेच्या बांगड्या वाजल्या. चहा नेहमीसारखाच गोड होता. तो संपल्यावरही मला बराच वेळ कप खाली ठेवता आला नाही.